घोडा, खेचर आणि ट्रकमधली परीक्षा

माझा नवरा एवारिस्तो कुठलीही नवी वस्तू घरात घेण्याआधी आपल्या छोट्या पिकअप ट्रकमध्ये भाजून बघतो. चेष्टा नाही. गोंद, चष्मा, बूट, मेणबत्त्या, एकदा तर माझ्या बहिणीने दिलेली संत अंतोनियोची मूर्तीसुद्धा. वस्तू डॅशबोर्डवर ठेवायची, काचा लावायच्या, ट्रक जागचा हलवायचा नाही, आमच्या वाळवंटातल्या टूसॉनचं ऊन आठवडाभर तिला खाऊ द्यायचं, आणि जिवंत निघाली तर घरात घ्यायची. चष्म्याच्या काड्या वाकल्या. बुटांनी तोंड वासलं. संत अंतोनियो पास झाला, फक्त त्याच्या हातातलं बाळ जरा पुढे झुकलं. तो आता स्वयंपाकघरात फळीवर असतो आणि मी तळण काढताना बाळ कढईत बघत असतं.

त्याचाही दोष नाही म्हणा. उभं आयुष्य त्याने शहराच्या बसडेपोत मेकॅनिक म्हणून काढलं. त्याचं म्हणणं असं, की आपल्या गावात यंत्रं म्हातारी होऊन मरत नाहीत, उन्हाने मरतात. मला तेवढं त्याने लग्नाआधी ट्रकमध्ये बसवलं नाही. मी तेव्हा चर्चच्या कोपऱ्यावर बर्फाचे गोळे विकत होते, आधीच तापून निघालेली होते.

तर गोष्ट अशी, की गेल्या ऑगस्टात मी स्वयंपाकघरात घेरी येऊन पडले. फार काही झालं नाही. कोपर खरचटलं आणि चिंचेच्या पाण्याचं भांडं लवंडलं. पण बातमी मारिसेलापर्यंत गेली. मारिसेला आमची एकुलती एक लेक. वर डोंगरात, फ्लॅगस्टाफला असते, जिथे पाइनची झाडं आहेत आणि बर्फ पडतो. तिने आधीच आम्हाला एसी बसवून दिला होता. आता तिने एसीचा आकडा विचारला. आमच्याकडे तो फॅरनहाइटमध्ये असतो.

"चौऱ्याऐंशी," मी म्हणाले.

"आई, चौऱ्याऐंशीला एसी ठेवायचा तर लावायचाच कशाला?"

"तुझ्या बापाला विचार. विजेचं बिल आलं की तो पाकिटावर क्रूस काढून मगच फोडतो."

मारिसेला गप्प झाली. ती गप्प झाली की मला भीती वाटते, कारण ती बापावर गेली आहे आणि मनात काहीतरी जुळवत असते. मग म्हणाली, "ऐक. पुढच्या वर्षी जूनमध्ये, सान हुआन संताच्या सणाला मी येणार. घर थंड असेल तर खुशाल राहा. नसेल तर दोघांच्या बॅगा मी भरणार. खोली तयार आहे. खिडकीतून पाइन दिसतात."

पाइन मला आवडतात, पण कॅलेंडरवर. मला हे घर सोडायचं नव्हतं. लेकीच्या घरी पाहुणी म्हणून जायला माझी ना नाही, पण तिथे मी दुपारी कुणाच्या कुंपणाला टेकून कुणाची निंदा करू? पाइनची? मी इथे जन्मले, इथेच तापले, इथल्याच मातीत जायचं ठरवलं आहे. हे मी एवारिस्तोला स्पष्ट सांगितलं.

"मग सोलर लावू," तो म्हणाला. "आपल्या डोक्यावर सूर्य फुकट नाचतोय, त्याला कामाला लावू. मग एसीचा आकडा तुझा."

हे त्याने ऑगस्टात सांगितलं. मे उजाडला तरी छपरावर कबुतरांशिवाय काही चढलं नव्हतं.

सोलर बसवून देणारी नोएमी म्हणून एक पोरगी आहे, आमच्याच भागातली, स्वतःची छोटी कंपनी काढली आहे तिने. बोलायला गोड आणि हिशोबाला पक्की. पॅनेल ठरले, तारा ठरल्या, नगरपालिकेचा होकारसुद्धा आला. अडलं ते इन्व्हर्टरवर. पॅनेलमधून येते ती वीज एसीला चालत नाही, ती बदलून घ्यावी लागते, आणि बदलण्याचं काम हा डबा करतो. भिंतीवर सावलीत एकच मोठा डबा लावावा, की छपरावर प्रत्येक पॅनेलच्या पोटाखाली एकेक छोटा?

"भिंतीवरचा मोठा थंड राहतो," नोएमी म्हणाली. "पण पॅनेल एकाच माळेत ओवलेले असतात. तुमच्या मेस्कीटच्या झाडाची सावली दुपारी तीननंतर दोन-तीन पॅनेलवर येणार, आणि तेवढ्यासाठी सगळी माळ सुस्तावणार. मोठाच हवा असेल तर झाड तोडावं लागेल."

एवारिस्तोने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने सासूला तोडायचं म्हटलं आहे. आमच्या गावात माणसं सोनं उघड्यावर ठेवतील, पण सावलीचं झाड तोडणार नाहीत.

"छोटेच," तो म्हणाला.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण छोट्यांतही दोन जाती निघाल्या. नोएमीने दोन्ही नमुने टेबलावर ठेवले. एक चकचकीत ॲल्युमिनियमचा, वीज भरपूर देणारा. दुसरा साधा काळा, जरा कमी देणारा.

"हा चकचकीत जोरदार पळतो," ती म्हणाली, "पण फार तापला की दम खातो, चाल कमी करतो. हा काळा पळत नाही, पण तापला तरी चाल सोडत नाही."

"म्हणजे घोडा आणि खेचर," एवारिस्तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दोन जनावरं आली.

तो महिनाभर त्या दोघांशी बोलत होता. नाश्त्याला घोडा, जेवायला खेचर. किती तापमानापर्यंत टिकतो, किती तापमानाला दम खातो, आत काय ओतून बंद केलंय, पावसाचं पाणी शिरेल का, विंचू शिरेल का. आमचं छप्पर सपाट, चारी बाजूंनी कंबरभर भिंत. तिथे जूनमध्ये अनवाणी चढलेला माणूस एकाच उडीत खाली येतो. तिथे पंचवीस वर्षं कोण टिकेल? दोन्ही कंपन्यांची हमी पंचवीस वर्षांची. तो ती हमी वाचायचा, चष्मा काढायचा, पुसायचा आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायचा.

"अरे म्हाताऱ्या," मी म्हणाले, "मला बघायला आलास तेव्हा एका दुपारीत ठरवलंस."

"तुझी हमी कुणी लिहून दिली नव्हती. त्यामुळे वाचण्यात वेळ गेला नाही."

मेच्या शेवटच्या आठवड्यात नोएमीचा धीर सुटला. ती सोमवारी आली आणि दारातूनच म्हणाली, "सेन्योर एवारिस्तो, शुक्रवारी मला नाव सांगा. त्यानंतर माझी माणसं दुसऱ्या कामावर जाणार, ती पार थंडीपर्यंत मोकळी नाहीत."

म्हणजे शुक्रवार चुकला की सान हुआनला घर चौऱ्याऐंशीवर, आणि मी पाइनखाली. एवारिस्तोने मान डोलावली, दोन्ही डबे काखेत मारले आणि ट्रककडे चालू लागला.

"नको," मी म्हणाले.

"आठवडाभर बसू देत. शुक्रवारी कळेल."

"सेन्योर," नोएमी म्हणाली, "ते बंद आहेत. काम करताना ते आतूनही तापतात. नुसते बसवून काय कळणार?"

"ड्रायव्हर नोकरीवर घेताना आम्ही आधी त्याला नुसतं बसवूनच बघायचो. अर्धे तिथेच गळायचे."

त्याने डॅशबोर्डवर घोडा ठेवला, शेजारी खेचर ठेवलं, मधे डेपोतला जुना थर्मामीटर. ह्या थर्मामीटरला दोन काटे आहेत. काळा खाली-वर करतो, लाल मात्र जिथवर चढला तिथेच अडकून बसतो, म्हणजे सगळ्यात जास्त किती तापलं होतं ते नंतर कळतं. ट्रक त्याने रस्त्यात, भर उन्हात उभा केला, काचा गच्च लावल्या, आणि हात झटकून आत आला. मी मनात संत अंतोनियोला म्हटलं, तू ह्यातून गेलेला आहेस, काहीतरी कर.

आठवडा चालू राहिला, आणि ह्या वेळी ट्रकला सुट्टी देणं जमलं नाही. मंगळवारी मी ट्रक घेऊन पीठ आणि वाळवलेलं मांस आणायला गेले. बुधवारी तो न्हाव्याकडे गेला. गुरुवारी दोघं मिळून माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरकडे. डबे पुढे काचेशी बसून आमच्याबरोबर गावभर हिंडले. वळणावर घोडा सरकायचा, खेचर सरकत नव्हतं, तेवढ्यावरून एवारिस्तोने खेचराला दोन गुण जास्त दिले.

शुक्रवारी दुपारी नोएमी आली. मी जास्वंदीचं गार सरबत काढलं. एवारिस्तो डेपोत निकाल लावताना घालायचा तसा स्वच्छ शर्ट घालून ट्रककडे गेला, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा आंबट होता.

"दोघेही पास," तो म्हणाला.

"मग चांगलंच झालं की."

"चांगलं कसं? नुसते पास नाहीत, ताजेतवाने आहेत. हात लावून बघ, काकडीसारखे गार. आणि हा काटा बघ." त्याने थर्मामीटर टेबलावर ठेवला. लाल काटा एकशे पाचवर होता.

नोएमीने सरबताचा ग्लास खाली ठेवला. "एकशे पाच? अहो, तेवढा ताप माणसालाही येतो. बंद ट्रकमध्ये ह्या दिवसांत दीडशेच्या वर जायला हवं. थर्मामीटर बिघडला असेल."

"हा डेपोचा आहे. हा खोटं बोलत नाही."

"मग ट्रक खोटं बोलतोय," ती म्हणाली. "चला, बघू."

आम्ही तिघं बाहेर आलो. रस्ता मोकळा होता. ट्रक तिथे नव्हता. ट्रक होता घराच्या मागे, बोळाच्या टोकाला, मेस्कीटच्या दाट सावलीत, जिथे तो गेली वीस वर्षं उभा असतो. समोरच्या काचेला आतून ऊन अडवणारा चंदेरी पत्रा लावलेला. चारी काचा बोटभर खाली, हवा खेळायला. स्टिअरिंगवर ओला पंचा घालायचा तेवढा राहिला होता.

नोएमी ट्रककडे बघत होती. मी एवारिस्तोकडे बघत होते. एवारिस्तो झाडाकडे बघत होता; आत्ताच त्याच सावलीतून तो डबे काढून आला होता, पण सवयीने झाड त्याला दिसलंच नव्हतं.

"सोमवारी मी रस्त्यात लावला होता," तो म्हणाला.

"मंगळवारी मी पीठ घेऊन आले," मी म्हणाले, आणि मला आठवलं, की मी ट्रक मागे नेला, फांदीखाली घातला, काचा उतरवल्या, पत्रा लावला, आणि पिठाची पिशवी उचलून एवढं अंतर उन्हातून चालत आले. त्या सगळ्यात एकदाही माझ्या मनात डब्यांचा विचार आला नाही. हात आपोआप करत होते. बुधवारी त्यानेही तेच केलं. गुरुवारी दोघांनी मिळून केलं, आणि मी वर त्याला म्हणाले होते, अजून जरा डावीकडे घे, चाक उन्हात राहतंय.

नोएमी हसायला लागली ती थांबेना. बोळाच्या भिंतीला टेकून हसत होती. "ट्रकमध्ये भाजायला ठेवलं," ती म्हणाली, "आणि सावलीत नेऊन पंखा घातला."

"तुझी गाडी कुठे आहे ग?" मी विचारलं.

ती हसायची थांबली. तिची गाडी आमच्या दारात नव्हती. पार कोपऱ्यापलीकडे, परक्या माणसाच्या झाडाखाली लावून ती चालत आली होती. मग मी हसले. बर्फाच्या गोळ्याची गाडी चालवणारी बाई मी, कुठल्या कोपऱ्यावर किती वाजता सावली येते हे मला झोपेत विचारा. ह्या गावात कुणी कशाची उन्हात परीक्षा घेऊच शकत नाही, कारण उन्हात काही ठेवायला आमचा हातच धजत नाही.

एवारिस्तो मात्र हसला नाही. त्याने ट्रकची मागची फळी खाली पाडली, तिच्यावर बसला आणि स्वच्छ शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायला लागला.

"आठवडा वाया गेला," तो म्हणाला. "आता कसं ठरवू?"

"कुठलाही घ्या, सेन्योर. दोन्ही चांगले आहेत. दोघांची हमी पंचवीस वर्षं आहे."

"पंचवीस वर्षं," तो म्हणाला. "मी चौऱ्याहत्तरचा आहे, पोरी. हमी माझ्यापेक्षा जास्त टिकणार. डबा बिघडला, आणि मी नसलो, तर वर ही चढणार." त्याने माझ्याकडे बोट केलं. "हिचा स्वभाव मला माहीत आहे. कुणाला बोलावणार नाही. शिडी लावेल, गुडघा घेऊन चढेल आणि पडेल. म्हणून मला असा डबा हवा, जो हिच्या आधी बिघडणार नाही. आणि असा डबा कोण बनवतं ते मला सापडत नाहीये."

बघा, ऑगस्टपासून मी ह्या माणसाला चिकट म्हटलं, चेंगट म्हटलं, बैल म्हटलं, आणि तो मनातल्या मनात मला छपरावरून पडताना बघत बसला होता. मला रडू आलं आणि रागही आला. मी रागाला पुढे केलं.

"म्हाताऱ्या, तू डब्यांना सगळं विचारलंस. किती तापतोस, किती पळतोस, विंचू आला तर काय करशील. वर कोण चढणार, हे कुणाला विचारलंस?"

मी नोएमीकडे वळले. "तू सांग. डबा मेला तर काय होतं?"

"तेवढं एक पॅनेल झोपतं. बाकीचे चालू राहतात. कुठला मेला ते तुमच्या फोनवर दिसतं, छपराच्या चित्रावर एक चौकोन काळा पडतो."

"आणि मग?"

"घोडेवाली कंपनी नवा डबा पाठवते. पोस्टाने. बसवायचं तुमचं तुम्ही बघायचं." तिने जरा विचार केला. "खेचरवाली कंपनी बसवण्याची मजुरीसुद्धा देते, म्हणून ते काम मी अंगावर घेते. चौकोन काळा पडला तर माझी माणसं येतात, पहाटे, ऊन चढायच्या आत. तुम्ही शिडीला हात लावायचा नाही."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला कुणी सांगू दिलं का, सेन्योरा? महिनाभर विंचवांवरच चर्चा होती."

एवारिस्तोने चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे लिहून देशील?"

"देईन."

"आणि तू म्हातारी झालीस तर?"

"माझी धाकटी बहीण आहे."

"खेचर," मी म्हणाले. तो तोंड उघडणार एवढ्यात मी पुन्हा म्हणाले, "खेचर. चालत राहतं, चाल सोडत नाही आणि घरी माणूस येतो. लग्नाला मी ह्यापेक्षा कमी बघितलं होतं."

तो पहिल्यांदा हसला. मग उठला, एकदम डेपोतला झाला आणि नोएमीला म्हणाला, "पण एक. हा ट्रक सावलीत होता, वारा होता, म्हणून आत एकशे पाच राहिलं. पॅनेलखाली सावली असतेच. वारा कुठून येणार? भोवती भिंत आहे. तू पॅनेल छपरापासून वीतभर उंच लावायचे म्हणतेस, त्यात हवा कोंडणार."

"मग?"

"भिंतीच्या वर काढ पॅनेल. खाली टेकू द्यायला लोखंडी घोडी मी बनवतो. नळ्या आहेत माझ्याकडे."

नोएमीने कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाली नाही. घोड्या त्याने अशा बनवल्या, की उद्या छपरावर बस उभी केली तरी चालेल. नोएमीचे पोरगे पहाटे चढायचे आणि दहाच्या आत उतरून मेस्कीटखाली माझ्या हातचे बर्फाचे गोळे खायचे. वीज कंपनीचा माणूसही वेळेवर येऊन गेला, हा सान हुआनचा चमत्कार मी वर्षानुवर्षं सांगणार आहे. एसीचा आकडा मी माझ्या बोटाने अठ्ठ्याहत्तर केला. एवारिस्तो शेजारी उभा राहून फोनवरचे चौकोन मोजत होता. सगळे उजळलेले होते.

सान हुआनच्या दिवशी भर दुपारी मारिसेला आली. गल्लीत पोरं सणाच्या रिवाजाप्रमाणे एकमेकांवर पाणी उडवत होती. ती दोन रिकाम्या बॅगा घेऊन आत शिरली, उभी राहिली, आणि घराचा गारवा तिच्या अंगाला लागलेला मला दिसला.

"किती आहे?" तिने विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

"आणि बाबा काही बोलत नाहीत?"

"बाबांचं खेचर बोलतं," एवारिस्तो म्हणाला आणि तिला फोन दाखवायला लागला. तिने सगळं ऐकून घेतलं. घोडा, खेचर, ट्रक, वारा. पण बॅगा तिने दारापाशीच ठेवल्या होत्या, आणि माझं लक्ष त्यांच्यावर होतं.

जेवून झाल्यावर ती म्हणाली, "घर थंड आहे, कबूल. पण आई, तुम्हा दोघांना आता हे ऊन झेपेल का? पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या? थांब, गाडीतून डॉक्टरांचे कागद आणते."

ती बाहेर गेली आणि दुसऱ्या क्षणाला तिची किंकाळी आली.

आम्ही धावलो. माझी लेक, ह्याच गल्लीत वाढलेली, तिने गाडी आमच्या दारात, भर रस्त्यात, लख्ख उन्हात लावली होती. काचा बंद. पत्रा नाही, पंचा नाही. दाराच्या कडीला हात लावून बोटं भाजून घेतली होती, आणि ती बोटं तोंडात घालून ती रस्त्यात उभी होती, लहानपणी उभी राहायची तशी.

शेजारच्या पोरांनी तिच्यावर बादली ओतली. सणाची म्हणून, की दयेने, ते कळलं नाही.

"मारिसेला," मी म्हणाले, "इथलं ऊन कुणाला झेपत नाही म्हणालीस?"

मी तिची बोटं बर्फात धरली. एवारिस्तो स्वयंपाकघरातून माझे भट्टीचे जाड हातमोजे घेऊन आला. आधी त्याने मेस्कीटखालून आपला ट्रक काढला, वीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या गाडीला जागा द्यायला, आणि रस्त्यात उन्हात नेऊन उभा केला. मग हातमोजे घालून लेकीची गाडी मागे नेली, फांदीखाली नीट घातली, काचा बोटभर उतरवल्या, पत्रा लावला. चाक उन्हात राहत होतं, म्हणून परत बसून जरा डावीकडे घेतली. मारिसेला ओल्या केसांनी ते बघत होती.

संध्याकाळी तिने रिकाम्या बॅगा स्वतःच गाडीत नेऊन ठेवल्या. जाताना गाडीची कडी गार होती.

ती गेल्यावर एवारिस्तो ट्रक आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही. मी बाहेर डोकावले. तो डॅशबोर्डवर वाकला होता. नोएमीने नमुने परत नेलेच नव्हते, ते त्याने पुन्हा ट्रकमध्येच ठेवले होते; घोडा आणि खेचर दुपारभर उन्हात काचेशी बसले होते, मधे थर्मामीटर.

"तेन्चा," त्याने मला हाक मारली, "लाल काटा एकशे साठवर आहे."

"आणि जनावरं?"

त्याने हातमोजे घातलेल्या हातात दोन्ही डबे उचलले, उलटसुलट केले, कानाशी धरून हलवले.

"दोघेही पास," तो म्हणाला, आणि ट्रक सावलीत लावायला निघून गेला.